राजगड ते रायगड पायी: आधी पाणी, मग दिवस, सॅक सगळ्यात शेवटी

थंडी पडायला लागली की ओळखीतून विचारणा सुरू होते: "राजगड–तोरणा–रायगड करायचंय. किती किलोमीटर आहे? सामान काय काय घेऊ?" प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा क्रम चुकीचा आहे. किलोमीटर जास्त झाले म्हणून ही चाल सहसा अर्धवट राहत नाही. दुपारी दोनला बाटल्या रिकाम्या होतात आणि पुढचं पाणी तीन तासांवर असतं, किंवा संध्याकाळी पाचला गट नाळेच्या, म्हणजे कोकणात उतरणाऱ्या उभ्या घळीच्या, तोंडाशी पोहोचतो आणि सगळ्यांना वाटतं की उतरूनच टाकू. मोडतं ते अशा जागी. आणि त्या जागी पोचवणारी चूक घरी बसूनच झालेली असते: आधी किल्ले ठरवले, मग तारीख, मग सामान, आणि पाण्याचं "बघू वाटेत".

खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. पहिले चार टप्पे कागद-पेन्सिलचे आहेत आणि त्यांना एक अख्खी संध्याकाळ लागते. ती द्या.

हा लेख ज्यांनी राजगड, तोरणा वेगवेगळे केलेत आणि एखादी रात्र डोंगरात काढली आहे त्यांच्यासाठी आहे. पहिलाच ट्रेक हा करू नका.

टप्पा १: तारीख

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. माझी पसंती डिसेंबरचा पूर्वार्ध. टाक्यांत पाणी असतं, ओढ्यांच्या वरच्या भागात कुठे कुठे झिरप असते, गवत वाळलेलं असलं तरी वाट दिसते.

पावसाळ्यात ही चाल सलग करू नये. राजगड किंवा तोरणा एकेकटा पावसात करणं ही वेगळी गोष्ट आहे. पण चौथ्या दिवशी उतरायची नाळ म्हणजे मुळात पाणी वाहून न्यायची घळ. पावसात तिथं पाणीही येतं आणि पाण्याबरोबर दगडही. मार्चपासून पुढे धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद कण्यावर, सावली नाही, टाकी तळ गाठतात आणि वणवे लागतात.

दिवस किती मोठा आहे तेही आत्ताच लिहून ठेवा. डिसेंबरच्या मध्यात या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. डोंगराच्या पूर्व अंगाला आणि नाळेत अंधार त्याच्याही आधी पडतो. म्हणजे हाताशी अकरा तास, आणि त्यातले चालायचे नऊ धरा.

टप्पा २: पाण्याचा तक्ता

संपूर्ण आखणीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे, आणि हेच सर्रास वगळलं जातं.

एक कागद घ्या. डाव्या बाजूला वाटेवरची ठिकाणं क्रमाने लिहा: राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे, गडावरची पद्मावती माची आणि संजीवनी माची, धारेवरची खिंड आणि तिथला गाडीरस्ता, तोरण्यावरची बुधला माची आणि मेंगाई मंदिर, मग हारपूड, वरोती, मोहरी किंवा सिंगापूर, नाळेचं तोंड, कोकणातलं पहिलं गाव, रायगडाच्या पायथ्याचं पाचाड. प्रत्येकासमोर तीन रकाने करा: पाणी आहे का, कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, हे मला कोणी आणि कधी सांगितलं.

तिसरा रकाना भरताना लोक कंटाळतात. पण "टाकं आहे" आणि "टाक्यात या महिन्यात पिण्याजोगं पाणी आहे" यात फार अंतर आहे. तीन वर्षांपूर्वीच्या वर्णनावर भरवसा ठेवून निघालात तर तहानेनं मागे यावं लागेल. गेल्या पंधरा दिवसांत जाऊन आलेल्या कोणाला तरी विचारा, किंवा पायथ्याच्या गावात फोन करून विचारा.

या वाटेचं ढोबळ चित्र असं आहे. राजगडावर पद्मावती मंदिराच्या परिसरातल्या टाक्यांत पाणी मिळतं. पद्मावती तलावाचं पाणी पिण्यासाठी धरू नका. राजगड ते तोरणा या अख्ख्या धारेवर भरवशाचं पाणी नाही, असं समजूनच चाला. तोरण्यावर तोरण टाकं आणि खोकड टाकं आहे. तिथून पुढे खरं पाणी गावांत. मोहरी-सिंगापूर सोडलं की नाळेत पाणी नाही; पुढचं पाणी थेट कोकणात.

आता हिशेब. थंडीच्या दिवसांत सॅक घेऊन चालणाऱ्याला दिवसाला साधारण ३ ते ४ लिटर पिण्यासाठी लागतं, स्वयंपाकाचं वेगळं. म्हणून राजगडावरून निघताना प्रत्येकाकडे ४ लिटर हवं, आणि नाळेच्या तोंडाशी किमान ३ लिटर. "दोघांत पाच लिटर" असा हिशेब करू नका. दोघांत पाणी असलं की दोघंही कमी पितात, आणि नेमका पाणीवाला पुढे निघून जातो.

टाक्याचं पाणी कापडातून गाळून उकळा. उकळायला वेळ नसेल तर क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा, बहुतेकींना अर्धा तास लागतो. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी.

तपासा: तक्त्यात सलग दोन ठिकाणांसमोर "माहीत नाही" असेल तर आखणी अजून पूर्ण झालेली नाही.

टप्पा ३: दिवस पाडणे

पाण्याचा तक्ता झाला की मुक्काम आपोआप ठरतात, कारण मुक्काम पाण्यापाशीच करायचा असतो.

दिवस १: गुंजवण्यातून चोरदरवाजाने पद्मावती माची. दुपारी पोहोचून गड फिरा, लवकर झोपा.
दिवस २: संजीवनी माची, अळू दरवाजा, धार, बुधला माची, तोरणा.
दिवस ३: तोरणा, हारपूड, वरोती, मोहरी किंवा सिंगापूर.
दिवस ४: नाळ उतरून कोकण, संध्याकाळपर्यंत पाचाड.
दिवस ५: सकाळी रायगड, दुपारी परतीचा प्रवास.

पाचवा दिवस कापून चौथ्याच दिवशी रायगड चढायचा बेत बरेच जण करतात. नाळेनं गुडघे दमलेले असताना वर आणखी चौदाशेच्या वर पायऱ्या. होतं, पण मग रायगड बघणं होत नाही. एक दिवस वाढवा.

वेळेचा अंदाज किलोमीटरवरून काढू नका. गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये दिलेला एक ठोकताळा आजही वापरात आहे: सपाटीला ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तो हलक्या ओझ्याच्या, सरावलेल्या माणसाचा आहे. सह्याद्रीत चार दिवसांची सॅक पाठीवर असताना मी ताशी ३ किलोमीटर धरतो आणि दर ४०० मीटर चढाला एक तास. त्यावर विश्रांती आणि वाट शोधण्यासाठी पाव हिस्सा वाढवतो. समजा १२ किलोमीटर आणि एकूण ६०० मीटर चढ असलेला दिवस आहे: चार तास अधिक दीड तास, साडेपाच, पाव हिस्सा धरून जवळजवळ सात. सकाळी सातला निघालात तर दोन. दहाला निघालात तर पाच, म्हणजे उजेडाचा शेवट.

तीव्र उतार फुकट समजू नका. घसाऱ्याच्या उताराला चढाइतकाच वेळ लागतो.

सावध: राजगड हा संरक्षित गड आहे आणि गडावरच्या मुक्कामाबाबतचे नियम बदलत असतात. निघायच्या आठवड्यात चौकशी करा. मुक्कामाला मनाई असेल तर मंदिरात लपून राहू नका. पहिल्या दिवशी पहाटेच गुंजवणे सोडा, संजीवनीवरून धारेवर उतरा, खिंडीतल्या गाडीरस्त्याने खाली गावात जाऊन झोपा आणि दुसऱ्या दिवशी तिथून तोरणा चढा.

टप्पा ४: पळवाटा

प्रत्येक दिवसासमोर लाल पेनाने लिहा: इथून पुढे जाता आलं नाही तर कुठे उतरायचं?

दुसऱ्या दिवशी उत्तर सोपं आहे. धारेवरून दोन्ही अंगांना खोरी दिसत राहतात: उत्तरेला तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याचं, दक्षिणेला भाटघर धरणाच्या फुगवट्याचं. खिंडीतला गाडीरस्ता ही उत्तम पळवाट आहे. कोणाला बरं नसेल तर तिथूनच खाली पाठवा, तोरण्यावर ओढून नेऊ नका. तोरण्याहून बिनी दरवाजाने वेल्हे. तिसऱ्या दिवशी हारपूड, वरोती, मोहरी या गावांना वेल्ह्याच्या बाजूने गाडीरस्ता आहे, पण वाहन क्वचित मिळतं.

चौथ्या दिवशी पळवाट नाही. नाळेत पाय टाकला की एक तर पूर्ण खाली किंवा उलटं वर. म्हणून "जायचं की नाही" हा निर्णय मोहरीतच, सकाळी, सगळ्यांनी उभं राहून घ्यायचा. ताप, सुजलेला घोटा, रात्रभर उलट्या, यांपैकी काही असेल तर त्या माणसाला सोबत देऊन गाडीने परत पाठवा.

नकाशाचं काम इथंच उरकून घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यातल्या समोच्च रेषा सारख्या उंचीच्या जागा जोडतात, आणि दोन लगतच्या रेषांच्या उंचीत २० मीटरचा फरक असतो. रेषा एकमेकींना चिकटल्या म्हणजे कडा. वाटेवरची गावं, खिंडी आणि पळवाटा त्यावर पेन्सिलने काढा. मोबाईलमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा आणि विमान मोडवर टाकून तो उघडतोय का ते घरीच बघा. कोणीतरी पाठवलेला जीपीएस ट्रॅक मिळाला तर जरूर घ्या, पण तो नकाशावर टाकून पाहा. एका गटाचा चुकलेला आणि परत आलेला रस्ताही त्या रेघेत तसाच नोंदलेला असतो.

एक बारीकसा फास: नाळेखाली जी दापोली आहे ती महाड तालुक्यातली लहानशी वस्ती. नकाशावर नुसतं "दापोली" शोधलंत तर रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव उघडतं आणि सगळे अंतराचे आकडे चुकतात.

घरी एक कागद ठेवा: सगळ्यांची नावं, रक्तगट, रोजचा मुक्काम, आणि "अमुक दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर ११२ वर कळवा" ही ओळ. मोहरीच्या पठारावर आणि नाळेत फोनला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका, आणि तसं घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे घरच्यांना उगाच घोर लागणार नाही.

टप्पा ५: पाय तयार करणे

सहा ते आठ आठवडे. आठवड्यातून तीन दिवस जिने किंवा टेकडी, आणि रविवारी सॅक घेऊन चढ. पुणेकरांना आतकरवाडीतून सिंहगड आहेच, साधारण ६०० मीटरची चढाई आहे. पहिल्या रविवारी ४ किलो, मग दर आठवड्याला एक-दीड किलो वाढवा. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. उतरताना गुडघे बोलायला लागले तर वर ओतून टाकता येतात.

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी शनिवार आणि रविवार असे लागोपाठ दोन दिवस पूर्ण ओझ्यानं चाला. एका दिवसात पंचवीस किलोमीटर चालणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या सकाळी पुन्हा बूट घालून निघता येतं का, हे तपासायचं आहे. ही चाचणी न देता आलेला माणूस तिसऱ्या दिवशी वरोतीच्या अलीकडे बसतो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे.

बूट किमान पन्नास किलोमीटर चाललेले हवेत. नवेकोरे बूट या वाटेवर आणू नका. बोटांपुढे अर्धा इंच मोकळी जागा हवी, नाहीतर नाळ उतरताना अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं निघायच्या तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. ताजी कापलेली कड मोज्यात टोचते.

टप्पा ६: सॅक

आता सामान. एकूण वजन, पाण्यासकट, स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. साठ किलोच्या माणसाला १२ किलो. त्यातले ४ किलो पाणी. म्हणजे बाकी सगळं मिळून ८ किलो! हा आकडा आधी मनात ठेवला की "असू दे, लागेल" म्हणून भरलेल्या वस्तू आपसूक बाहेर येतात.

झोपायची पिशवी, पातळ चटई, एक जाड स्वेटर, वारारोधक जाकीट, कपड्यांचा एकच जादा जोड, मोज्यांचे तीन जोड, टोपी, डोक्याची बॅटरी जादा सेलसकट, शिटी, चाकू, लायटर, प्रथमोपचाराचा डबा. गटात मिळून: तंबू किंवा ताडपत्री, गॅसची शेगडी, दोन पातेली, ३० मीटर दोर. दोर वापरता येणारा माणूस गटात नसेल तर दोर नेऊन उपयोग नाही, त्याचं ओझं मात्र होतं.

भरताना: झोपायची पिशवी तळाला. अन्न, शेगडी आणि पाणी, म्हणजे जड वस्तू, मध्यभागी आणि पाठीला अगदी चिकटून. हलके कपडे बाहेरच्या बाजूला. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे ओढते, आणि धारेवर मागे ओढणं धोक्याचं आहे. सॅकच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी लावून त्यात सगळं भरा.

चढवताना: आधी कमरेचा पट्टा. कमरेच्या हाडावर अंगठा ठेवा, पट्ट्याची मधली रेषा त्या हाडावर आली पाहिजे, पोटावर नाही. तो आवळा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण इतकेच की खांद्याच्या माथ्यावर पट्ट्याखाली एक बोट सहज जाईल. शेवटी छातीचा. वजन कमरेवर बसलं की खांदे हलवून बघा, ते मोकळे वाटले पाहिजेत. दहा मिनिटं चालून पुन्हा एकदा पट्टे जुळवा. सकाळी ही दोन मिनिटं न दिल्यामुळे दुपारी मानेला आलेली कळ गोळीनं जात नाही.

अन्नात पहिल्या दोन दिवसांना दशम्या, ठेपले, शेंगदाण्याची चटणी. पुढे खिचडी: माणशी एका वेळेला १०० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मूगडाळ, मीठ-हळद-जिरं मिसळून प्रत्येक रात्रीची वेगळी पुडी बांधा. चालताना खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, आणि ते सॅकच्या पोटात न ठेवता खिशात. भूक लागल्यावर खाऊ असं म्हणू नका, दर तासाला दोन घास.

चूल पेटवू नका. डिसेंबरनंतरचं गवत ठिणगीवर पेटतं आणि डोंगराची सगळी सोंड काळी करून सोडतं.

तपासा: सॅक भरून वजनकाट्यावर ठेवा. जास्त भरली तर पाणी कमी करायचं नाही, दुसरं काहीतरी काढायचं.

टप्पा ७: धारेवरचे दोन दिवस

गट चार ते सहा जणांचा. चारपेक्षा कमी नको: एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो, दोघं मदतीला जातात. पुढे एक आणि शेवटी एक असे ठरलेले दोघं ठेवा. वाट फुटते तिथं पुढच्यानं थांबायचं, शेवटचा दिसेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा. बुधला माचीवर चढणारा शेवटचा टप्पा उभा आणि खडकाळ आहे, हात लावून चढावं लागतं. तो भर उन्हात आणि रिकाम्या बाटल्यांनी गाठायचा नाही. अर्ध्या वाटेवर, खिंडीत, सगळ्यांच्या बाटल्या एकदा प्रत्यक्ष बघा. निम्म्याहून कमी पाणी असेल तर आत्ताच कळायला हवं.

तिसऱ्या दिवशीची मोठी चूक तोरण्यावरच होते. बुधला माचीकडून राजगडाकडे जाणारी धार वेगळी आणि रायगडाच्या दिशेला जाणारी वेगळी. आदल्या दिवशी जिथून आलो ती ओळखीची वाटते आणि पाय तिकडे वळतात. माचीवर उभं राहून होकायंत्र काढा आणि पश्चिमेची सोंड पक्की करा. मगच उतरा.

खाली रानात वाटा फुटत जातात. ढोरवाट आणि माणसांची वाट यांत फरक असतो. ढोरवाट कारवीच्या झुडपांत शिरताना कमरेच्या उंचीवर बंद होते, कारण गुरं खालून निघून जातात. माणसांच्या वाटेवर खांद्याच्या उंचीच्या फांद्या मोडलेल्या किंवा कोयत्याने तोडलेल्या दिसतात. वीस मिनिटं चालून एकही अशी खूण दिसली नाही तर परत फिरा, शेवटच्या पक्क्या ठिकाणापर्यंत. "पुढे मिळेल" म्हणून रान तुडवत खाली उतरणं हा डोंगरातल्या बहुतेक अपघातांचा पहिला अंक असतो.

वाट विचारायचीही पद्धत आहे. "मामा, मोहरीची वाट हीच ना?" असं विचारलंत की समोरचा मायेने "व्हय" म्हणतो. विचारायचं असं: "मामा, मोहरीला कुठनं जाऊ?" आणि गप्प राहायचं. हारपूडच्या पुढे एका आजोबांनी मला असंच थांबवून काठीनं दाखवलं होतं: "ती धार धरू नगा, ती ढोरांची हाय. खालच्या अंगानं जावा, आंब्यापाशी डावी घ्या." आंबा आला, डावी घेतली, वाट लागली. "किती वेळ लागेल?" हा प्रश्न विचारू नका, ते त्यांच्या पायांचा वेळ सांगतात, आणि त्यांच्या पाठीवर आपली सॅक नसते. त्याऐवजी पाणी कुठं आणि वाट कुठं फुटते, हे विचारा.

चालताना तळव्यात कुठे गरम लागलं तर तिथंच थांबा. बूट काढा, पाय पुसून कोरडा करा, त्या जागेवर चिकटपट्टी गुळगुळीत लावा. चार मिनिटांचं काम. पुढच्या विश्रांतीपर्यंत ढकललं तर तिथं फोड असतो आणि मग उरलेले दोन दिवस तो फोडच चालवतो.

संध्याकाळी चारला जिथं पाणी असेल तिथं थांबा. पाचनंतर वाट शोधायची नाही.

टप्पा ८: नाळ

मोहरीच्या परिसरातून कोकणात उतरायला दोन वाटा चालीत आहेत. सिंगापूर नाळ तुलनेनं सोपी, दापोलीकडे उतरते. बोराट्याची नाळ रायलिंग पठाराजवळून सुरू होते, मोठमोठ्या धोंड्यांची आणि उभी. तिच्यातून लिंगाणा या सुळक्याच्या खिंडीकडे जाणारा आडवा टप्पा अरुंद आहे, एका अंगाला दरी. लिंगाणा जवळून पाहायच्या ओढीने सगळ्यांना बोराट्याचीच हवी असते. माझं मत स्पष्ट आहे: चौथ्या दिवशी, जड सॅक घेऊन, गटात एक जरी नवखा असेल तर सिंगापूर नाळ. लिंगाणा बघायचा तर आदल्या संध्याकाळी, वेळेत पोहोचलात तर, रायलिंग पठारावर सॅकशिवाय जाऊन या. तिथून तो इतका जवळ दिसतो की बोलणं थांबतं.

दोन्हींसाठी गावातला वाटाड्या घ्या. पैसे आधी ठरवा आणि पूर्ण द्या, त्याच्या परतीच्या चढाचाही मोबदला त्यात धरून. नाळेचं तोंड वरून दिसत नाही. शेजारच्या चुकीच्या घळीत शिरलात तर खाली कडा लागतो.

उतरायचा क्रम असा. सकाळी आठच्या आत तोंडाशी. चालायच्या काठ्या मिटवून सॅकला बांधा, धोंड्यांवर हात मोकळे हवेत. एकामागोमाग एक उतरताना दोघांत एक तर अगदी हाताचं अंतर ठेवा, म्हणजे निसटलेला दगड वेग घ्यायच्या आत अडतो. किंवा पुढचा आडोशाला पोहोचेपर्यंत मागच्यानं हलायचंच नाही. मधलं, दहा-पंधरा फुटांचं अंतर सगळ्यात वाईट. दगड सुटला तर सुटणाऱ्यानं "दगड!" असं ओरडायचं, आणि खालच्यानं वर न बघता कडेला चिकटायचं.

एका जानेवारीत माझ्या मागच्या मित्राच्या टाचेखालून नारळाएवढा धोंडा निघाला. तो ओरडला, मी डावीकडे सरकलो. दगड सॅकच्या बाजूच्या खिशाला घासून गेला आणि त्यातली स्टीलची बाटली मधोमध चेपली, झाकण फिरेना. एक लिटर पाणी आत होतं आणि ते काढता येत नव्हतं. आम्ही दोघंही तेव्हा त्या मधल्या अंतरावर होतो.

नाळेच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, सुगंधी फवारे, धूर आणि आरडाओरडा टाळा. माशा उठल्या तर सॅक टाकू नका, ती पाठीचं रक्षण करते. तोंड-मान कापडात झाकून शक्य तेवढं लांब निघा.

सावध: दुपारी एकनंतर नाळेच्या तोंडाशी पोहोचलात तर उतरू नका. गावात परत जा, रात्र काढा. एक दिवस उशीर झाला तरी चालेल, घरच्या कागदावर तेवढी सवड आधीच ठेवा.

टप्पा ९: दुखापत झाली तर

सर्पदंश: या रानात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. चावलेला भाग हलवू नका, फळीने बांधून स्थिर ठेवा, अंगठी-घड्याळ काढा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळपट्टी बांधायची नाही. उपाय एकच, रुग्णालयातलं प्रतिविष. म्हणून माणसाला उचलून रस्त्यापर्यंत न्यायचं आणि १०८ ला फोन करायचा.

उन्हाचा त्रास, उलट्या, जुलाब: एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, घोट घोट. चमचा चहाचा. बोलण्यात गोंधळ दिसला किंवा लघवी बराच वेळ झाली नाही तर पुढची चाल संपली, पळवाट धरा.

घोटा मुरगळला तर बूट लगेच काढू नका. सूज आली की तो परत चढत नाही.

टप्पा १०: कोकणातून रायगड

नाळ उतरल्यावर हवा बदलते, घाम जास्त येतो, आणि पाय सैल पडतात. बहुतेक पडझड इथल्या सोप्या वाटेवर होते, कारण लक्ष उडालेलं असतं. पहिल्या गावात अर्धा तास बसा, पाणी भरा, मोजे बदला. काळ नदीचं खोरं ओलांडून रायगडाच्या पायथ्याशी जाणारी वाट गावागावांतून आहे, विचारत जा. पाय राहिले नसतील तर गाडी करा, त्यात कमीपणा नाही.

पाचाडला मुक्काम. सकाळी लवकर चित दरवाजाकडून पायऱ्यांनी चढा. मोठी सॅक खाली मुक्कामाच्या ठिकाणी ठेवा. पाचाडहून महाडला जाणाऱ्या एसटीची वेळ आदल्या रात्रीच विचारून घ्या. महाडहून पुण्या-मुंबईच्या गाड्या मिळतात.

घरी आल्यावर तंबू आणि झोपायची पिशवी वाळवा, दुमडून ठेवू नका. आणि त्याच दिवशी, झोपायच्या आधी, पाण्याचा तो तक्ता पुन्हा काढून तिसरा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहून भरा: कोणतं टाकं, कोणती तारीख, हात किती बुडाला, शेवाळ होतं की नव्हतं. तो कागद, तारखेसकट, पुढच्या विचारणाऱ्याच्या हातात द्या.